चार मिनिटं दहा सेकंद

कुणी विचारो न विचारो, गेबहार्ट सांगणारच. त्या रविवारी तर त्याने खानावळीत बिअर येण्याआधीच फोनमधलं सायकलवाल्यांच्या वेळा नोंदवणारं ॲप पुढे केलं. वरच्या कुरणापासून लार्चच्या जंगलातून खाली दगडी हौदापर्यंत सायकलने चार मिनिटं दहा सेकंद! साऱ्या टिरोल प्रांतात कुणाला जमेल? मेहुणा कासियान पंचवीस सेकंदांनी मागे पडला होता.

"आधी पोट उतरव, मग डोंगर उतर," गेबहार्टने त्याला सुनावलं.

तेवढ्यात गुराखीण वाल्बुर्गा काठी आपटत आत आली. तिच्या अकरा गाई कुरणातून निसटून चर्चमागच्या स्मशानात शिरल्या होत्या. थडग्यांवरची फुलं त्यांनी फस्त केली होती, गेबहार्टच्या सासूच्या थडग्यावरचीसुद्धा.

"कुरणाचं फाटक कुणी उघडं टाकलं?" ती कडाडली. "उतरा, उघडा, लावा, मग जा, एवढ्या एका अटीवर सायकलींना वाट दिली होती मेल्यांनो!"

"लाज कशी वाटत नाही लोकांना!" सगळ्यांत मोठ्याने गेबहार्टच ओरडला.

कासियानने मिशीवरचा फेस पुसला. "दाजी, मला त्या फाटकापाशीच पंचवीस सेकंद लागतात. तुम्ही उतरून, उघडून, लावून चार दहा कसं हो केलंत?"

सगळ्या माना गेबहार्टकडे वळल्या. सकाळी वर जाताना फाटक उघडून त्याला दगड त्यानेच लावला होता. फाटक लावलं म्हणावं, तर विक्रम खोटा ठरतो. विक्रम खरा म्हणावा, तर चोर सापडतो. शहाण्याने विक्रमावर पाणी सोडलं असतं.

"विक्रम खरा आहे!" त्याने टेबलावर मूठ आपटली. "एका सेकंदाचीही लबाडी नाही!"

"मग झालं तर," वाल्बुर्गा म्हणाली. "हिवाळ्यासाठी गाई गावात उतरेपर्यंत रोज फाटकाशी बसायचं. सायकलवाला आला की उघडायचं, गेला की लावायचं. विक्रम ठेव तुझ्याकडे, मला काय चाटायचाय?"

तिसऱ्या दिवशी जंगलातून आरोळी आली, "दाजी, फाटक!"

वाल्बुर्गा समोरच काठी घेऊन उभी होती. गेबहार्टने मुकाट्याने फाटक उघडून धरलं. कासियान पोटासकट सुसाट खाली गेला. थोड्या वेळाने गेबहार्टच्या खिशातला फोन वाजला. नवा विक्रम: कासियान, चार मिनिटं नऊ सेकंद.

"बघत काय बसलास?" वाल्बुर्गा म्हणाली. "कडी लाव."