सरळ केलेली इमारत

मी एक फोटो आहे आणि मी खोटा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं खरं बोलायला मी मोकळा.

माझा जन्म खोपटला झाला, एसटी डेपोच्या भिंतीला पाठ लावून उभ्या असलेल्या विमलाबाईंच्या मोबाईलमध्ये. समोर त्यांची चार मजली इमारत, 'सुखनिवास'. ती डावीकडे कलली होती. विमलाबाईंच्या हातून लिंबू सुटलं की ते घरंगळत थेट हॉलच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन थांबायचं. इंजिनीअर पाठवून तपासणी करा, असा अर्ज त्यांना महापालिकेत द्यायचा होता आणि अर्जाला पुरावा हवा होता. तो पुरावा म्हणजे मी. जन्मलो तेव्हा चांगला वाकडा होतो.

माझं वाटोळं झालं टेंभी नाक्यावर, मयूरच्या स्टुडिओत. हा पठ्ठ्या दिवसभर बाळकुमच्या नव्या टॉवरांच्या जाहिराती करतो. खालून फोटो काढला की टॉवर वर निमुळता होतो, मागे कलंडल्यासारखा दिसतो. तो कॉम्प्युटरवर खेचून ताठ करायचा, हे त्याचं काम. "प्रिंट काढून ठेव," एवढंच सांगून विमलाबाई भाजी घ्यायला गेल्या. मयूरने मला पाहिलं, च्च केलं आणि माझे कोपरे धरून ओढले.

"काकू, बिल्डिंग पडेल की काय असं वाटत होतं. सरळ करून दिली."

विमलाबाईंनी मला तिथेच फाडायला हवं होतं. पण अडतीस वर्षांत त्यांनी आपलं घर इतक्या ऐटीत उभं पाहिलं नव्हतं. "छान आलीय रे," म्हणाल्या. सोसायटीच्या ग्रुपवर मी डीपी झालो. एकवीस अंगठे आले. पुरावा कुठला आणि आपला चांगला आलेला फोटो कुठला, हे माणसांना कळत नाही. त्याच कौतुकात मला अर्जाला टाचलं.

कचेरीतल्या साहेबांनी मला डोळ्यांपासून लांब धरलं. "कुठे कललीय, बाई? ही तर माझ्यापेक्षा ताठ उभी आहे."

"अहो, ती स्टुडिओवाल्याने सरळ केली. मूळ फोटो हा बघा ना." विमलाबाईंनी मोबाईल पुढे केला.

"हा मोबाईल तिरका धरून काढलाय. सरळ काढलेला तुम्हीच तर जोडलाय."

म्हणजे खरा फोटो खोटा ठरला आणि मी, ओढूनताणून घडवलेला, शिक्क्यासकट फाइलमध्ये. सोळा बिऱ्हाडांचा जीव टांगणीला, आणि वाटेत आडवा कोण, तर मी. अशी वेळ कुठल्या फोटोवर येऊ नये.

तोडगा काढला दुसऱ्या मजल्यावरच्या शिवरामभाऊंनी. आयुष्यभर गवंडीकाम केलेला माणूस. त्यांनी गच्चीवरून इमारतीच्या डाव्या कडेला सुतळी सोडली, टोकाला ओळंब्याचं वजन. वर भिंतीला चिकटलेली सुतळी खाली येईतो भिंतीपासून हातभर सुटली होती.

"काढा आता फोटो, वहिनी. आणि त्या मयूरला म्हणावं, कर किती सरळ करतोस ते."

मयूरने केलंच. इमारत ताठ झाली आणि सुतळी हवेत तिरकी लोंबायला लागली. मूळ आणि सरळ केलेली, दोन्ही प्रिंट घेऊन विमलाबाई साहेबांपुढे उभ्या राहिल्या.

"साहेब, वजन बांधलेली सुतळी कधी तिरकी लोंबते का?"

साहेबांनी फोटो या बाजूने फिरवला, त्या बाजूने फिरवला. मग मला फाइलमधून उपटलं, "हा घेऊन जा," म्हणाले आणि सही केली.

इंजिनीअर आला. आठवड्याभरात इमारत रिकामी झाली, पुढे पाडलीही.

मी आता डोंबिवलीत विमलाबाईंच्या भाड्याच्या खोलीत फ्रेममध्ये असतो. त्यांच्या घराचा एवढाच कागद भिंतीवर उरलाय. खिळा चुकीच्या जागी बसलाय, त्यामुळे मी डावीकडे कलून लटकतो. परवा मयूर चहाला आला होता. सवयीने त्याचा हात माझ्या कोपऱ्याकडे गेला.

"मयूर, हात मागे," विमलाबाई म्हणाल्या. "आत्ता कुठे ती आमच्या घरासारखी दिसतेय."