दीडशेत एक

मी एक जुना कॅल्क्युलेटर बोलतोय. आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणाऱ्या एका डॉक्टरबाईंच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. कारखान्यातून निघालो तेव्हा माझी सगळी बटणं सारखी होती. इथे आल्यावर वर्गमुळाचं बटण पार गुळगुळीत झालं.

बाईंचं कामच तसं. किती जन्मांमागे एक मूल आजारी निघतं, तो आकडा घ्यायचा, वर्गमूळ काढायचं, निम्मं करायचं. अडीच हजारांत एक मूल आजारी, तर पंचविसात एक माणूस वाहक. वाहक म्हणजे स्वतः ठणठणीत, पण आजाराचं बी अंगात. नवराबायको दोघेही वाहक असले, तरच मुलाला धोका.

माझ्यासमोर लोक रडतात, रुमालाच्या घड्या घालतात, मोडतात. मला काही वाटत नाही. पूर्वी वाटायचं का, तेही आठवत नाही.

एकदा एक जोडपं आलं, सोबत सासूबाई. सुनेचा भाऊ अडीच हजारांत एकाला होणाऱ्या अशाच आजाराने लहानपणी गेला होता. आपण मूल होऊ द्यावं की नाही, एवढंच तिला विचारायचं होतं.

"ही वाहक असण्याची शक्यता तिनांत दोन," बाई म्हणाल्या.

"निम्मी ना?" नवऱ्याने विचारलं.

"आईवडील दोघेही वाहक, तर चार मुलांत एक आजारी, दोन वाहक, एक मोकळं, असं धरा. ही आजारी नाही, हे दिसतंच आहे. मग आजारी बाजूला काढा. उरले किती?"

"तीन. त्यात वाहक दोन. हां!"

"शाळेतही अशीच घाई करायचा हा," सासूबाई म्हणाल्या.

नवऱ्यासाठी बाईंनी पंचविसात एक धरलं, त्याला तिनांत दोनने आणि चारात एकने गुणलं. मूल आजारी होण्याची शक्यता दीडशेत एक आली. सुनेने पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकली.

"चला, सुटलो बाई!" सासूबाई उठल्या. "हिच्या आईला आधी कळवते. आमच्याच गावची ती. आमच्यात सोयरिक गावातल्या गावातच. बाहेरची सून म्हणजे नवल!"

बाईंचा हात थांबला. "कुठलं गाव?"

सासूबाईंनी सांगितलं. पंचविसात एक हा सगळ्या मुलखाचा आकडा होता. त्या गावात शंभर जन्मांमागे एक मूल आजारी निघायचं. बाईंनी पुन्हा वर्गमूळ काढलं. वाहक जवळजवळ पाचात एक. मुलाला धोका तिसात एक.

सून पुन्हा ताठ बसली.

"उगाच बोलले मी," सासूबाई पुटपुटल्या.

"बरं झालं बोललात. मीच आधी विचारायला हवं होतं. आता दोघांचं रक्त तपासू."

काही आठवड्यांनी तिघं परत आली. दोघेही वाहक निघाले होते.

"म्हणजे आता किती?" सुनेने विचारलं.

बाईंनी मला जवळ ओढलं नाही. चारात एक सांगायला माझी गरज नव्हती.

"मग आम्ही काय करायचं?"

बाई पुढचे मार्ग सावकाश सांगत राहिल्या. सून माझ्याकडे बघत होती. माझ्या पडद्यावर शून्य होतं.

अजून मी इथेच आहे. बॅटरी संपत आलीय, आकडे फिके दिसतात. तुम्ही कधी आलात, तर गाव, आजोळ, नातीगोती सगळं आधी सांगा. आणि शक्य असेल तर तपासणी करून घ्या. मी सांगतो तो गर्दीचा हिशेब. समोर कोण बसलंय, ते त्या हिशेबात दिसत नाही.