पाऱ्याने पाहिलेली अक्षदा

मित्रांनो, मी रक्तदाब मोजण्याचे एक जुने यंत्र आहे. काचेची नळी, तिच्यात पारा, दाबायचा रबरी फुगा आणि दंडाला गुंडाळायचा पट्टा, एवढाच माझा संसार. शहरातल्या औरंगपुरा भागातल्या एका दुकानातून डॉक्टर शैलाताईंनी मला आणले आणि मुकुंदवाडी स्टेशनाजवळच्या आपल्या दवाखान्यात टेबलावर मांडले. तेव्हा खिडकीतून मोकळे माळ दिसत. पुढे तिथे इमारती उठू लागल्या आणि त्या बांधायला लांबून माणसे आली.

दुष्काळाच्या वर्षी कन्नड तालुक्यातल्या एका गावाहून रामकिसन आणि सारजाबाई आले. चारा-पाणी नाही म्हणून त्यांनी मेंढरे विकली होती. दोघे बांधकामावर जात. थोरली अक्षदा नववीत होती, धाकटा अजिनाथ अजून लहान होता.

एके दिवशी सकाळच्या शाळेत, प्रार्थनेच्या रांगेत अक्षदा कोसळली. सारजाबाई तिला घेऊन आल्या. उन्हाची चक्कर असेल, एखादी सुई द्या, शाळा बुडते आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पण उन्हाळा असूनही त्या मुलीने स्वेटर घातला होता.

शैलाताईंनी स्वेटरची बाही वर केली. माझा पट्टा तिच्या दंडाला बसेना, सैल पडू लागला. मग त्यांनी खणातला लहान मुलांचा पट्टा काढला. तो बरोबर बसला. मित्रांनो, मी पुष्कळ दंड पाहिले होते, पण त्या क्षणी मला फार वाईट वाटले.

पारा नेहमीपेक्षा खालीच थांबला. ताईंनी तिला झोपवून मोजले, उभे करून मोजले. उभी राहताच पारा आणखी घसरला आणि अक्षदाने टेबलाची कड धरली. झोपलेली असताना तिची नाडी इतकी संथ होती, की ताईंनी घड्याळाकडे बघत ती पुन्हा मोजली. मग हळू आवाजात एकेक विचारले. केस गळत होते. पाळी कित्येक महिने आली नव्हती. हातपाय सतत गार असत.

"जेवतेस का बेटा?" ताईंनी विचारले.

"जेवते की," अक्षदा म्हणाली.

तिचा गार हात ताईंनी आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. मग ती बोलू लागली. गावाकडे धान्य कमी पडले, तेव्हा ती आपली भाकरी अजिनाथच्या ताटात सरकवायची. शेजारीपाजारी म्हणत, पोरगी लई समजदार. त्याचा तिला अभिमान वाटू लागला. शहरात आल्यावर घरात पुरेसे अन्न आले, पण तिला ते खाता येईना. घास उचलला की छातीत धडधडे, आपण काही वाईट करतो आहोत असे वाटे.

"माय, मी खोटं बोलत व्हते," ती सारजाबाईंकडे न बघता म्हणाली. "मला खायाचंच भेव वाटतं."

सारजाबाई उठून लेकीशेजारी जाऊन बसल्या.

तेवढ्यात निरोप मिळून रामकिसन आले. हातांवर सिमेंट तसेच होते. ताईंनी तिला मोठ्या दवाखान्यात न्यायचे म्हटल्यावर ते चाचरले. पोरीला येड लागलं म्हणतील लोक, उद्या बघू, असे म्हणाले.

"भाऊ, हे वेड नाही आणि हट्टही नाही, हा आजार आहे," शैलाताई म्हणाल्या. "पोटात अन्न गेलं नाही की शरीर स्वतःलाच खातं. हृदयसुद्धा सोडत नाही. हिचं हृदय दमलंय. उद्या नको, आत्ता न्यायचं."

रामकिसननी लेकीकडे पाहिले. मग तिला उचलून रिक्षात बसवले. ताईंनी दवाखाना बंद केला आणि त्यांच्यासोबत गेल्या. मी उघड्या पेटीत तसाच राहिलो.

पुढचे मला सारजाबाईंच्या तोंडून कळले. हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासले, त्यातले क्षार कमी निघाले. मायेपोटी त्यांनी शेंगदाण्याचे लाडू नेले, तर नर्सने अडवले. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम जास्त अन्न दिले तर जिवावर बेतू शकते, थोडे थोडे वाढवावे लागते. सारजाबाईंना आधी राग आला, मग पटले. मनाच्या डॉक्टरही रोज येत आणि तिच्या भीतीबद्दल बोलत. रामकिसन तिच्याजवळ बसून जेवत. ताटाकडे बघत नसत, मेंढरांच्या गोष्टी सांगत.

ती बरी झाली, पण सरळ रेषेत नाही. एकदा तपासणीला आली आणि रडली, कारण तिने पुन्हा भाकरी लपवली होती. ताई रागावल्या नाहीत. सांगितलंस हे फार बरं केलंस, म्हणाल्या आणि तिला पुन्हा मनाच्या डॉक्टरांकडे पाठवले. हळूहळू तिचे हात उबदार झाले. पाळी सुरू झाली. पारा वर येऊन नीट थांबू लागला.

पुढे, पारा विषारी म्हणून, पाऱ्याची यंत्रे वापरायची नाहीत असे ठरले. नवे यंत्र आले आणि मी कपाटात गेलो. काचेच्या दारातून टेबल मात्र दिसते. परवा अक्षदा साध्या सर्दी-खोकल्यासाठी आली होती, कॉलेजची बॅग खांद्याला. ताई खोकल्याचे औषध लिहिता लिहिता बोलतच राहिल्या.

"मॅडम, लवकर आटपा," ती हसून म्हणाली. "लई भूक लागलीय मला."

ताईंचे पेन थांबले. त्यांनी चष्मा काढून पुसला.

मित्रांनो, कोणी जेवण टाळत असेल तर त्याचे कौतुक करू नका आणि त्याच्यावर ओरडूही नका. त्याच्याजवळ बसा. घरच्या मोठ्यांना सांगा, त्याला डॉक्टरांकडे न्या. आणि तो कोणी म्हणजे तुम्ही स्वतःच असाल, तर लाजू नका. बाही वर करा आणि खरे ते सांगा.