वाढप्याचा दावा

सांडूरावांना करमाडच्या फाट्यावर टेम्पोनं उडवलं, त्याला दोन वर्षं होत आली होती. कंबरेत दोन पट्ट्या, सहा स्क्रू आणि डॉक्टरांची एकच ताकीद, की आता जन्मात वाकायचं नाही. बाकी माणूस ठणठणीत. शीतगृहाच्या फाटकावरची राखणदारी खुर्चीत बसायची होती, ती खुर्चीतच चालू राहिली. पगार बुडाला नाही. दवाखान्याच्या बिलाबद्दल विमा कंपनीचंही काही म्हणणं नव्हतं. मग कोर्टात जाऊन भरपाई मागायची ती कशाची, हे त्यांच्या बायकोला, सत्यभामाबाईंना, काही केल्या उमगत नव्हतं.

मागायची होती ती वाकण्याची. सांडूराव म्हणजे पंचक्रोशीतले नावाजलेले वाढपी. लग्न कुणाचंही असो, बुद्धवंदना आटोपून पंगत बसली, की यांनी बाह्या वर सारल्याच. पैसे घ्यायचे नाहीत, मानपान नाही, बोलावणं आलंच पाहिजे असाही हट्ट नाही. एका हातात वरणाची बादली, दुसऱ्या हातात पळी आणि कंबरेत वाकून शंभर माणसांची ओळ एका दमात. कुणाचं पोट खरंच भरलंय आणि कोण नुसतं लाजतंय, हे त्यांना ताटावर आडव्या धरलेल्या हातावरून कळायचं. लाजणाऱ्याच्या बोटांच्या फटीतून बुंदी घालण्यात तर त्यांचा हात धरणारा कुणी जन्मला नव्हता.

सत्यभामाबाईंना याचं कौतुक होतं, असा कुणी समज करून घेऊ नये. गावभर धावणारा हा माणूस घरी ताटावर बसला, की तोंडातून एकच शब्द काढायचा, "पाणी." तांब्या हाताच्या अंतरावर असला तरी. "साऱ्या गावाला वाढा, अन् घरात हातावर हात ठिवून बसा," हे त्यांनी तीस वर्षं ऐकवलं, आणि सांडूरावांनी तीस वर्षं ऐकून घेतलं.

अपघातानंतर मात्र ऐकवण्यात मजा राहिली नाही. पंगतीत लोक त्यांना मानानं प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवायचे. समोर पोरं धसमुसळेपणानं वरण सांडत जायची आणि सांडूराव बघत राहायचे. मग त्यांनी लग्नांना जाणंच सोडलं. गावचीच लेक असलेल्या करुणावकिलांनी हे ऐकलं आणि दाव्यात एक कलम घातलं, 'जगण्यातल्या आनंदाची हानी.' सांडूरावांनी तो कागद चार वेळा वाचून घेतला. किती मिळतील, हे एकदाही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "कोर्ट म्हनंल का, की माझं काही तरी गेलं?"

साक्षीच्या दिवशी दोघं पहिल्या जीपनं शहरात आली. विमा कंपनीचे वकील राजकुमार साहेब गोड आवाजाचे गृहस्थ होते. समोरच्याला खड्ड्यात उतरवतानाही हात देतील असे.

"वाढण्याचे पैसे मिळायचे?"

"नाय साहेब."

"मग नुकसान काय झालं?"

उत्तराची वाट न बघता राजकुमार साहेबांनी हळूच मोबाईल काढला. पडद्यावर सांडूरावांच्या पुतण्याचं, अभयचं, गेल्या डिसेंबरातलं लग्न. टेबलामागं फेटा बांधून सांडूराव उभे आणि हातात पळी! करुणावकिलांनी डोळे मिटून घेतले.

"हे तुम्हीच ना? आणि वाढताय ना?"

"मीच हाय. पर वाढत नाय."

"मग काय करताय?"

"ते बफे हाय, साहेब," सांडूराव म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "त्याला वाढणं नाय म्हणत. तिथं माणूस ताट घिऊन आपल्याकडं येतो, आपण टाकायचं, तो पुढं सरकतो. वाढणं म्हंजी आपण माणसाकडं जायचं. तो नगं म्हणला, तरी जायचं. पोरानं गळ घातली म्हणून हुबा राहिलो. धा मिन्टांत पळी ठिवली, ते बी त्यात असंल बघा."

न्यायाधीशांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. ते त्यात होतं. पळी ठेवून, फेटा सोडून, न जेवता निघालेले सांडूराव पाठमोरे दिसत होते.

राजकुमार साहेब मात्र डगमगणारे नव्हते. हौस होती, हौस गेली, एवढंच त्यांनी म्हणून ठेवलं. मग सत्यभामाबाई साक्षीला उभ्या राहिल्या.

"बाई, हे तुम्हाला घरी वाढायचे?" राजकुमार साहेबांनी विचारलं.

खरं बोलायची शपथ आत्ताच झाली होती. "कव्हाच नाय," बाई ठसक्यात म्हणाल्या. "पाण्याचा तांब्या बी कव्हा दिला नाय."

"म्हणजे अपघातानं तुमचं काहीच गेलं नाही?"

करुणावकिलांनी कपाळाला हात लावला. 'नाय' हा शब्द बाईंच्या ओठांवर आलाही होता. पण नजर कोपऱ्यातल्या खुर्चीकडं गेली. सांडूराव मान खाली घालून बसले होते, लग्नातल्या त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचे अगदी तसे. जे सांगायचं नाही असं मनाशी पक्कं ठरवलं होतं, तेच आता सांगावं लागणार होतं, तेही परक्या माणसांसमोर. त्यांना भयंकर लाज वाटली. त्यांनी पदर सावरला.

"गेलं ना," त्या म्हणाल्या. "बायांची पंगत येगळी बसती, साहेब. हे बुंदी घिऊन यायचे. घरात माझ्याकडं मान वर करून बघत नसतेत, पर तिथं माझ्या म्होरं कंबरत वाकायचे. अन् बोलायचे कसं, तर पाव्हण्यावाणी. 'घ्या बाई, लाजू नका.' मी हात आडवा धरायचे. बाकीच्या बायांला एक मूठ, मला दोन. तीस वर्षांत एकदा बी चुकले नाय."

टायपिस्टची बोटं थांबली.

"मला बुंदी आवडत बी नाय, साहेब. लई गोड असती. पर मी वाट बघायचे. आता कुनी वाढलं तरी एकच मूठ पडती."

राजकुमार साहेबांनी पुढचा प्रश्न कागदावर शोधला आणि तसेच खाली बसले. न्यायाधीशांनी चष्मा पुसला आणि टायपिस्टला सावकाश मजकूर सांगायला सुरुवात केली.

बाहेर आल्यावर करुणावकील म्हणाल्या, "निकाल पुढच्या महिन्यात. अशा गोष्टीचा काही ठरलेला भाव नसतो, काका. काय देतील, सांगता येत नाही."

"दोन मुठी लिव्हलं का त्यांनी?" सांडूरावांनी विचारलं.

"लिहिलं. मी वाचून पाहिलं."

त्यांनी मान डोलावली. वकीलबाई गेल्यावर म्हणाले, "आवडत नव्हती, तर सांगायचं व्हतं."

"मंग दुसऱ्या कुनाला वाढली असती तुम्ही."

कोर्टाच्या आवारात लिंबाखाली सिमेंटचा उंच कट्टा होता. लोक त्यावर फायली ठेवायचे. सत्यभामाबाईंनी फडक्यानं तो झटकला, चपला काढल्या आणि या वयात, नऊवारीचा घोळ आवरत, त्या चक्क वर चढून मांडी घालून बसल्या. दोन वकील थांबून बघायला लागले. बाईंनी पिशवीतून ताट काढून मांडीवर ठेवलं आणि घरून आणलेला जेवणाचा डबा सांडूरावांच्या हातात दिला.

"वाढा."

"इथं? येडी का काय तू? लोक बघतेत."

"लोकांत वाढायची लाज तुम्हाला कव्हापासून वाटायला लागली?"

सांडूरावांनी पाहिलं. ताट बरोबर त्यांच्या हाताच्या उंचीला आलं होतं, वाकायचं कारणच नव्हतं. त्यांनी शर्टाच्या बाह्या वर सारल्या. आधी भाकरी ठेवली, मग चटणी, मग चमचाभर पिठलं.

"बस्स, बस्स," बाईंनी ताटावर हात आडवा धरला.

"घ्या बाई, लाजू नका," सांडूराव म्हणाले. त्यांनी चमचा पुन्हा भरला आणि बोटांच्या फटीतून घालायला गेले, पण हाताची सवय मोडली होती. निम्मं पिठलं बाईंच्या बांगड्यांवर सांडलं.

बाईंनी हात काढला नाही.