लाखाची भट्टी

आमच्या गावात पोराचं मोडलेलं लग्न चार महिने झाकता येतं. घर तापवायची भट्टी बदललेली चार तासही झाकता येत नाही. जुन्या भट्टीचा धूर धुराड्यातून वर जातो, तो देवाशिवाय कोणी बघत नाही. नव्या भट्टीचं तसं नाही. शंभरातले शहाण्णव भाग ऊब ती घरातच ठेवते. मग बाहेर जाणारा धूर इतका निवलेला असतो की भिंतीतून गुडघ्याएवढ्या उंचीवर काढलेली प्लास्टिकची पांढरी नळी त्याला पुरते. उणे तीस अंशांत त्या नळीतून वाफ निघाली की समोरच्या घरातल्या माणसाला ती दिसतेच. त्याला ती आवडतेच असं नाही.

मी नादिया. कॅनडात, मॅनिटोबातल्या या गावात भट्ट्या विकते आणि बसवते. त्यामुळे कोणाच्या तळघरात काय आहे आणि कोणाच्या पोटात काय आहे, याचा अंदाज मला येतो.

झेनॉनकाकांच्या तळघरात बावीस वर्षं दर मंगळवारी दुपारी पत्त्यांचा डाव बसायचा. खेळ कैसर. बदामाची पंजी मिळाली तर पाच गुण वर, इस्पिकाची तिर्री गळ्यात पडली तर तीन खाली. चार खुर्च्या: काका, समोरच्या घरातले ओरेस्त, पोस्टातली मार्ता आणि तिचा भाऊ पेट्रो. काकांच्या जुन्या भट्टीचा घरघराट एवढा, की बोली ओरडून लावावी लागे.

शरद ऋतूत मी ओरेस्तकाकांकडे साठ हजारी भट्टी बसवली. भट्टीचा आकडा म्हणजे ती तासाला किती ऊब ओतते त्याचं माप. त्यांचं घर दुमजली, खिडक्या जुन्या, त्याला साठ बरोबर. पुढच्या मंगळवारी डाव सहज म्हणून तिकडे बसला. मार्ता म्हणाली, "अगं बाई, इथं पत्ता टाकल्याचा आवाज ऐकू येतो!" झालं. डाव तिथंच राहिला.

झेनॉनकाका जायचे, पण कोट न काढता बसायचे. "गारठा आहे हो तुमच्याकडे," असं घाम पुसत म्हणायचे.

डिसेंबरात त्यांनी मला बोलावलं. मी भिंती मोजल्या, खिडक्या मोजल्या, माळ्यावरचा, ऊब धरून ठेवणाऱ्या कापसाचा थर बोटानं चाचपला. बुटकं, घट्ट, छान घर.

"काका, चाळीस हजारी पुरे."

"ओरेस्तकडे किती?"

"साठ."

"आणि मला चाळीस? म्हणजे मी त्याच्या दोन तृतीयांश माणूस?"

"माणूस नाही हो, घर मोजलं मी."

"लाखाची बसव."

"काका, काडी विझवायला अग्निशमनाचा बंब आणू नका. घर पाच मिनिटांत तापेल, भट्टी बंद पडेल, पुन्हा पेटेल. ऊब टिकणार नाही आणि गॅसही वाचणार नाही."

"तुला जमत नसेल तर पलीकडच्या गावातला माणूस बसवेल."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण त्या माणसाची गाडी काकांच्या दारात उभी राहिलेली मला बघवली नसती. बसवली लाखाची.

मंगळवारी काकांनी सगळ्यांना बोलावलं, मलाही. भट्टी गरजली. पाच मिनिटांत सगळ्यांनी स्वेटर काढले. भट्टी थांबली, तशी तळघराच्या फरशीतून थंडी वर चढली आणि सगळ्यांनी स्वेटर चढवले. पुन्हा गर्जना. तिसऱ्यांदा डोकं स्वेटरात अडकलेलं असताना पेट्रो आतूनच ओरडला, "झेनॉन, इथं पत्ते खेळायचे की कपडे बदलायचे?"

ओरेस्तकाका हसले. तेवढं नको होतं. "बरोबर आहे, तुमच्यासारखं राजवाड्यात बसायची आम्हाला सवय नाही," झेनॉनकाका म्हणाले, आणि पुढच्या मंगळवारी घरीच राहिले. चौथ्या खुर्चीवर ओरेस्तकाकांचा जावई बसला. तो दर शनिवारी विनिपेग शहरातून यायचा, आता मंगळवारीही येऊ लागला. मार्ताच्या मते त्याला पंजी आणि तिर्री यांतला फरक समजावून सांगावा लागत होता. तरी खुर्ची भरली होती.

बावीस वर्षांची खुर्ची ती. काका स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून समोरच्या नळीकडे बघत राहिले. पुढे तर वही घेऊन बसू लागले.

फेब्रुवारीत दोन दिवस बर्फाचं वादळ झालं. मंगळवारी सकाळी त्यांचा फोन आला.

"नादिया, ओरेस्तची भट्टी मेली. चाळीस मिनिटं वाफ नाही." आवाजात बारशाचं आमंत्रण दिल्यासारखा आनंद होता.

"मेली नाही, काका. भिंतीशी बर्फाचा ढीग लागला असेल. नळी बुजली की भट्टी आपणहून बंद होते. ढीग काढला की पेटेल."

"तू ये मग."

"मी बाहेरगावी अडकलेय, हमरस्ता बंद आहे. समोर राहतं कोण?"



"जावई पण येऊ शकणार नाही आज," ते म्हणाले.

"नाहीच येणार. पण गार घरात डावही बसणार नाही. सगळ्याच खुर्च्या रिकाम्या."

"फावडं चालेल?"

"नळीजवळ हातानं काढा. नळी फोडाल, मग मला त्यांच्याकडे नवी बसवावी लागेल."

"ते नको," काका घाईनं म्हणाले.

पुढचं मला ओरेस्तकाकांनी सांगितलं. खिडकीखाली कोणीतरी उकरतंय म्हणून दार उघडलं, तर झेनॉन गुडघ्यांवर बसलेला, मिशांवर बर्फ. नळी मोकळी झाली, वाफेचा लोट थेट त्याच्या तोंडावर.

"तुला कसं कळलं? मला आत्ता कुठं गारठा जाणवायला लागलाय!"

झेनॉनकाका उठताना खिशातली वही बर्फात पडली. ओरेस्तकाकांनी उचलली, उघडली. 'आठ दहाला वाफ सुरू. आठ बत्तीसला बंद. आठ एकावन्नला सुरू.' अख्खा जानेवारी.

"झेनॉन, पंचेचाळीस वर्षांच्या संसारात माझी बायकोसुद्धा माझ्याकडे इतकं बघत नाही!"

"तिला विचारलंस का कधी, का बघत नाही ते?" झेनॉनकाका म्हणाले आणि आत जाऊन चौथ्या खुर्चीवर बसले. त्या दिवशी त्यांनी कोट काढला.

रस्ता उघडल्यावर मी ती वही मागून घेतली आणि शेजारी काकांच्या भट्टीचे आकडे लिहिले: ओरेस्तकाकांची एका वेळी बावीस मिनिटं, तुमची चार. काकांनी दोन्ही रकाने बोटानं पुन्हा पुन्हा वाचले. लाखाची भट्टी चर्चच्या सभागृहात गेली. तिथं पिरोगीच्या करंज्या लाटताना बायकांची बोटं वर्षानुवर्षं गारठत होती. झालेला तोटा मी सोसला, कारण चुकीत माझाही वाटा होता. घट्ट घराला लहान आकडा पुरतो, असं सांगून मी काकांकडे चाळीस हजारी बसवली.

"म्हणजे ओरेस्तच्यापेक्षा वीस कमी ना?" त्यांनी तीनदा विचारलं. "भट्टीवर मोठ्या अक्षरात लिही. त्याला चष्म्याशिवाय दिसलं पाहिजे."

मार्चपासून एक मंगळवार इकडे, एक तिकडे. पहिला इकडचा. कोणी स्वेटरला हात लावला नाही. पेट्रोनं हळूच सातची बोली लावली, ती सगळ्यांना ऐकू आली. मी बिलावर सही घ्यायला गेले होते. ओरेस्तकाका पाणी प्यायच्या निमित्तानं उठले, भट्टीवरचा आकडा वाचला आणि मला जिन्याखाली ओढलं.

"नादिया, पोरी, मी सगळ्या खिडक्या नव्या केल्या तर... पस्तीस हजारी मिळते का गं?"