दोऱ्यांचं मैदान

“देणाऱ्याचं तोंड बघू नकोस, पाय बघ. निघायच्या दिशेला वळलेत का ते बघ.”

ओल्या चादरीला पीळ देताना धुणेवालीला आईचा आवाज आला. आई जाऊन युगं लोटली, पण तिचा आवाज काही वाळला नव्हता.

तिनं पाय बघितले. संस्थेच्या बाईचे पाय हौदाशेजारच्या चिखलात चांगले रुतले होते. तेवढ्यानं काही विश्वास बसेना.

“धुण्याची मोठी यंत्रं येतील, मावशी. वर छप्पर. पिढ्यान्‌पिढ्या तुमच्या लोकांवर अन्याय झाला, त्याची थोडी तरी भरपाई.”

“भरपाई!” सून खुदकन हसली. “आत्या, मागच्या खेपेचे दाते साबण वाटून, फोटो काढून गेले. धुणाऱ्यांना साबण! जसं काही माशाला आंघोळ.”

“गप गं,” धुणेवाली म्हणाली. पण सून तिच्या मनातलंच बोलली होती.

यंत्रं फुकट, छप्पर फुकट. संध्याकाळच्या बैठकीत वस्तीनं फक्त ‘हो’ म्हणायचं. आणि धुणेवाली मान हलवेल तशा सगळ्यांच्या माना हलणार. मागं दोऱ्यांचं मैदान पसरलं होतं, साऱ्या शहराच्या चादरी वाऱ्यावर फुगत होत्या. ते मैदान होतं म्हणून वस्तीच्या चुली पेटत होत्या.

“आणि मैदान?”

“मैदान कुठं जातंय?” बाई हसली आणि चादरींकडे बघत राहिली.

धुणेवालीच्या मनात पाल चुकचुकली.

सुनेनं चहा आणला. धुणेवालीनं बाईचा कप घेतला, हौदालगतच्या खोलीच्या खिडकीच्या फळीवर ठेवला, मागं सरली आणि पुन्हा चादर पिळू लागली. मोठ्या घरांत गाठोडं पोचवताना असंच करायचं: हाताला हात लागू द्यायचा नाही, ठेवायचं आणि मागं व्हायचं. आता तसं कुणी सांगत नव्हतं, पण अंगातून जात नव्हतं.

बाईनं चहा घेतला. बोलता बोलता रिकामा कप फळीवर ठेवला, आणि मागं सरली.

सुनेच्या काही ध्यानात आलं नाही. धुणेवालीच्या हातातला पीळ मात्र तसाच राहिला. साहेबलोक कप कुठंही ठेवतात, कुणाच्याही हातात देतात. मागं कुणी सरत नाही.

“कुठली गं तू?” मघापासूनचं ‘तुम्ही’ गळून पडलं.

“शहरातलीच.”

“आई काय करायची?”

बाईनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सुनेकडे बघितलं. सून शहाणी, “दोऱ्या बघून येते” म्हणत निघून गेली.

“ऑफिसात कुणाला ठाऊक नाही,” बाई पुटपुटली.

“त्यांचं राहू दे. तू इथं कुणाच्या बाजूनं आलीस, ते सांग.”

बाईनं बोटाचा बंद सोडला. बोलली तेव्हा शब्दांची इस्त्री मोडली होती.

“मावशी, संध्याकाळी ‘हो’ म्हणू नका. त्या ‘हो’बरोबर मैदान संस्थेच्या नावावर जाणार आहे. आधी ते आपल्या नावावर करा म्हणावं, मग आणा यंत्रं. आणि... बैठकीत समोर बसून मीच तुम्हाला समजवायला लागले, तरी ऐकू नका.”