मिटल्या ओठांची गोळाफेक

देहातून उठणाऱ्या आवाजावर देहधाऱ्याचा अधिकार किती आणि ऐकणाऱ्याचा किती, याचा निवाडा आजवर कोणी केलेला नाही. एकाच श्रमातून निघालेला ध्वनी पुरुषाच्या कंठी असला की त्यास गर्जना म्हणतात. स्त्रीच्या कंठी असला की त्यास नाव शोधताना लोक अवघडतात, आणि बहुधा गोठ्याकडे वळतात.

“मावशी, जरा कमी करा,” काचेपलीकडून दिग्दर्शक म्हणाला. “फार होतंय. ती आपली नायिका आहे, पैलवान नाही.”

काचेअलीकडे, माइकसमोर, साठीला टेकलेल्या बाई उभ्या होत्या. पडद्यावरील परक्या ओठांत आपला श्वास घालणे हा त्यांचा व्यवसाय. नायिकांचे हुंदके, बाळंतिणींच्या कळा, गर्दीतल्या बायकांची कुजबुज हे सारे त्यांच्या गळ्यातून गेले होते. मात्र त्यांचे नाव कोणत्याच पडद्यावर उमटले नव्हते. स्टुडिओत त्यांना हुंदकेताई म्हणत. आजचा चित्रपट गोळाफेक करणाऱ्या एका मुलीचा होता. नटीचा आवाज कोवळा, म्हणून तिच्या श्रमाचा भार हुंदकेताईंकडे आला होता.

पडद्यावर मुलीने गोळा मानेशी धरला, गिरकी घेतली आणि फेकला. चित्र तेथेच थांबवले गेले.

“तोंड तर हे एवढं उघडलंय तिनं,” हुंदकेताई म्हणाल्या. “त्यातून एवढासा उसासा निघाला तर लोक हसतील रे.”

“नाही हसणार. वर संगीत आहे. शिवाय समालोचक बोलतोय तिथं, ‘बापाच्या लाडक्या लेकीनं बापाचं नाव काढलं.’ त्याच्या आड काही यायला नको. नाजूक हवंय, मावशी. ती लोकांना आवडली पाहिजे.”

ध्वनिमुद्रक जुना माणूस होता. त्याला ताईंचा चेहरा वाचता येत असे. “साहेब, एकदा ताईंच्या मनासारखं होऊन जाऊ द्या. मग तुमच्या मनासारखं घेऊ.”

दिग्दर्शकाने खांदे उडवले आणि मोबाइलमध्ये मान घातली.

हुंदकेताईंनी डोळे मिटले. नाकाने दोन आखूड श्वास घेतले, लागोपाठ, दुसरा पहिल्यापेक्षा तुटका. आणि मग बेंबीच्या देठापासून जे उठले त्याने काच थरथरली. ध्वनिमुद्रकाने कानांवरचा हेडफोन झटकन दूर केला.

“अहो ताई, हे कुठं लपवून ठेवलं होतंत इतकी वर्षं?”

“माझं नाही ते,” त्या म्हणाल्या आणि पाण्याचा घोट घेतला.

त्यानंतर त्यांनी मागितलेला उसासा दिला. तो पहिल्याच खेपेस पसंत पडला.

ते दोन आखूड श्वास त्यांच्या थोरल्या बहिणीचे होते. थोरली पोस्टात पत्रांवर शिक्के मारी आणि संध्याकाळी मैदानात गोळा फेकी. धाकटी ही तेव्हा परकरातली पोर, गोळा उचलून आणण्याच्या कामावर. थोरलीच्या आवाजाने झाडावरची पाखरे उडत. तो कानी पडला की आज गोळा कोठवर जाणार हे धाकटीला न पाहता कळे.

थोरली मोठी स्पर्धा जिंकली, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तिच्यावर चार ओळी आल्या. वडील हौसेने मोठ्याने वाचू लागले. ‘गोळा फेकताना ही भगिनी अशी हंबरली की प्रेक्षकांना क्षणभर आपण गोठ्यात आहोत असे वाटले.’ ते थांबले. परंतु वाक्य तोवर घरात शिरले होते. त्याच पानावर पुरुषांच्या विजेत्याने सिंहगर्जना केली होती.

आईने भाजी चिरता चिरता मान वर न करता म्हटले, “तोंड मिटून फेकत जा ना गं. काय बिघडतं?”

“काही नाही बिघडत,” थोरली म्हणाली.

पुढील स्पर्धेत तिने ओठ मिटूनच गोळा फेकला. श्वास आत कोंडला आणि गोळा हातभर अलीकडे पडला. तिचा क्रमांक आला नाही. त्या खेपेस मात्र तिचे मोठे छायाचित्र छापून आले. खाली ‘मैदानावरील शालीनता’ असे शब्द होते. आईने ते कापून चौकटीत बसवले. घराच्या भिंतीवर जागा मिळाली ती तिच्या पराभवाला.

ती खेळत राहिली आणि मागे पडत राहिली, आणि एके दिवशी मैदानात जायची थांबली. ओठ मात्र मिटलेलेच राहिले. दोघी बहिणींनी दोन खोल्यांत जन्म काढला. पायावर उकळते पाणी सांडले तरी थोरली हूं की चूं करीत नसे. शेवटच्या दुखण्यात रुग्णालयातील नर्स कौतुकाने म्हणाली होती, “फार सोशिक हो तुमच्या ताई. असे पेशंट मिळत नाहीत.” जगाला हुंदके पुरवणाऱ्या धाकटीला, थोरली गेली त्या दिवशी, स्वतःसाठी एकही सापडला नाही.

चित्रपट लागला. हुंदकेताई दुपारच्या खेळाला एकट्याच गेल्या. नायिकेने गोळा फेकला. बापाच्या लाडक्या लेकीने बापाचे नाव काढले. सनईसारखे काही वाजले, आणि त्या उघड्या तोंडातून त्यांचा उसासा अलगद निघून गेला. अपेक्षा होती ती तेवढीच. त्या पर्स सावरून बसल्या.

मध्यंतरानंतर नायिकेच्या प्रशिक्षकाचे तारुण्य दाखवले. पीळदार दंडांचा तरुण, गोळा मानेशी. अंधारात दोन आखूड श्वास ऐकू आले. दुसरा पहिल्यापेक्षा तुटका.

हुंदकेताई खुर्चीत पुढे सरकल्या.

पडद्यावरचा तरुण गरजला. आवाज खोल केला होता, घोगरा केला होता. पण माणूस वेष बदलून आला तरी चालीवरून ओळखू यावा तसा तो होता. प्रेक्षागृहात शिट्ट्या पडल्या. मागच्या रांगेतला कोणी शेजाऱ्याला म्हणाला, “याला म्हणतात दम.”

घरी येऊन त्यांनी ध्वनिमुद्रकाला फोन केला.

“पाहिलात ताई?” तो खुशीत होता. “तुमचा तो पहिला टेक वाया नाही जाऊ दिला बरं का. साहेबांना प्रशिक्षकासाठी दणका हवा होता, कुणाचाच बसेना. पट्टीत जरा खाली उतरवला, चपखल बसला.”

“ऐकला.”

“रागावला नाहीत ना?”

“नाही रे. लोक शिट्ट्या मारत होते. तिला इतक्या शिट्ट्या कधी मिळाल्या नव्हत्या.” मग त्यांनी विचारले, “तो मूळचा ठेवलायस का? न उतरवलेला?”

“पुसला हो ताई. जागा नव्हती. मला काय माहीत, तुम्हाला हवा असेल.”

“असू दे. तू तरी काय करणार. जेवलास का?”

फोन ठेवून त्या उठल्या. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून थोरलीचा गोळा कित्येक वर्षे उंबऱ्याशी अडसर होऊन बसला होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला, पदराने पुसला आणि गालाशी, मानेच्या खळग्यात धरला. लोखंड गार होते. दोन आखूड श्वास. मग ओठ उघडले.

शेजारचे दार वाजले. “मावशी, पडलात की काय?”

“नाही गं. गोळा फेकत होते.”

शेजारीण क्षणभर घुटमळली. “बरं. हळू फेका.”

त्यांना हसू आले. गोळा हातातच होता. त्या वयात तो फेकला जाणार नव्हता आणि त्या खोलीत त्याला जायला जागाही नव्हती. त्यांनी तो पुन्हा उंबऱ्याशी, दार उघडे राहील असा ठेवला.

ज्याने तो शब्द छापला, जिने ती चौकट भिंतीवर लावली, ज्याने तो आवाज खाली उतरवला आणि ज्याच्या मुखी तो शोभला, त्या सर्वांचे कंठ निरोगी राहोत. आणि थोरलीला, ती जेथे असेल तेथे, मोकळ्या तोंडाने श्वास घेता येवो.